फेब्रुवारीतला एक रविवार

संक्रांतीच्या तिळगुळाचे डबे रिकामे होत आले की माझ्या फोनवर एक ठरलेला संदेश येतो. बोगोतामध्ये मी जिच्या घरात दोन वर्षं भाड्याने राहिले ती सेन्योरा कधी लिहीत नाही, बोलते. दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज असतो. आधी माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी, मग स्वतःच्या रक्तदाबाची हकिगत, आणि शेवटी आवाज खाली आणून, गुपित सांगावं तसं: "सुमेर्से, मार्ग जाहीर झालाय."

मार्ग म्हणजे कोलंबियाच्या राष्ट्रीय रोड सायकलिंग अजिंक्यपदाचा. त्या क्षणापासून आमची वाट पाहणं सुरू होतं, तिचं तिथे आणि माझं इथे पुण्यात.

सुमेर्से हा बोयाकातला शब्द. बोयाका म्हणजे बोगोताच्या ईशान्येचा डोंगराळ प्रांत. बटाटा, कांदा, दूधदुभतं आणि सायकलपटू ही तिथली पिकं. कुणा मोठ्या माणसाला उद्देशून 'आपली कृपा' म्हणायची जुनी स्पॅनिश पद्धत होती, तो शब्द वापरून वापरून झिजला आणि सुमेर्से झाला. आता तो भाजीवालीलाही म्हणतात, लहान पोरालाही म्हणतात. 'तुम्ही'तला मान आणि 'बाळा'तली माया एका शब्दात कशी मावते हे मला तिथे कळलं. सेन्योरा मूळची बोयाकाची, त्यामुळे मी तिच्यापेक्षा तीस वर्षांनी लहान असूनही पहिल्या दिवसापासून सुमेर्से.

युरोपातल्या बहुतेक देशांच्या राष्ट्रीय शर्यती जूनच्या अखेरीस, टूर द फ्रान्सच्या जरा आधी होतात. कोलंबियात अलीकडे त्या फेब्रुवारीच्या सुमारास घेतात. नोव्हेंबर-डिसेंबरात युरोपातले संघ सुट्टीवर जातात आणि तिथे पोटापाण्यासाठी सायकल मारणारी कोलंबियन मुलं घरी येतात. नाताळ आईच्या हातचं खाऊन होतो, आणि मग दोन-अडीच हजार मीटर उंचीवरच्या घरच्याच रस्त्यांवर सराव चालू होतो, ज्या उंचीसाठी युरोपातले खेळाडू मुद्दाम डोंगरातल्या हॉटेलांत जाऊन राहतात. फेब्रुवारीत राष्ट्रीय शर्यत होते आणि मग सगळे पुन्हा विमानात बसतात. म्हणजे ही शर्यत निरोपाच्या आधीचा शेवटचा रविवार असते. आपल्याकडे गावच्या जत्रेला मुंबईचे चाकरमानी येतात, दोन दिवस सगळं घर भरतं, आणि पालखी देवळात गेली की एसटीच्या थांब्यावर पिशव्या दिसायला लागतात. सेन्योराच्या आवाजात मला जानेवारीत तेच ऐकू येतं, जत्रेची घाई आणि त्याखाली निघण्याच्या दिवसाची हुरहूर.

जो जिंकतो त्याला पिवळ्या-निळ्या-लाल रंगांची जर्सी मिळते. ती एका दिवसाची नसते. पुढच्या वर्षी नवा विजेता ठरेपर्यंत, जगात कुठेही रस्त्यावरची शर्यत असो, त्याने आपल्या संघाची जर्सी न घालता हीच घालायची. टाइम ट्रायलच्या विजेत्याची वेगळी, ती फक्त घड्याळाविरुद्धच्या शर्यतीत. वर्ष संपलं तरी माजी विजेत्याला बाहीच्या काठावर ते तीन रंग मिरवता येतात. सेर्खिओ एनाओने 2017 साली ही शर्यत जिंकली आणि त्याच वर्षी पॅरिस-नीस ही शर्यत अल्बेर्तो कोन्तादोरपेक्षा अवघ्या दोन सेकंदांनी जिंकली. सेर्खिओ इगीता 2022 मध्ये कातालुन्याची आठवडाभराची शर्यत जिंकला तेव्हाही तो राष्ट्रीय विजेता होता. कुठल्या तरी स्पॅनिश घाटात दीडशे माणसांच्या जथ्यात ते तीन रंग चटकन डोळ्यांत भरतात. सेन्योराला चष्म्याशिवाय बाकी काही दिसत नाही, ते दिसतात.

पण मी वाट पाहते ती जर्सीसाठी नाही. ही शर्यत मला ओढते ती तिच्यातल्या एका विचित्र असमतोलामुळे.

टूर द फ्रान्स किंवा जिरो या इटलीच्या फेरीमध्ये मोठा खेळाडू कधीच एकटा नसतो. सात जण त्याच्यासाठी वारा अडवतात, पाण्याच्या बाटल्या आणतात, त्याची चाकं पंक्चर झाली तर आपलं चाक काढून देतात. राष्ट्रीय शर्यतीत तो घरी येतो तेव्हा हा लवाजमा युरोपातच राहिलेला असतो. त्याच्या संघात दुसरा कोलंबियन असेल तर एखादा सोबती, नाहीतर तोही नाही. समोर मात्र देशातले संघ भरगच्च, ज्यांच्यासाठी हा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. त्यांच्यातला एक पळतो, तो मागे खेचला की दुसरा पळतो, मग तिसरा. दरवेळी पाठलाग करायचा कुणी? ज्याचं नाव मोठं त्याने. बाकीचे त्याच्या मागच्या चाकाला चिकटून दम राखतात. पाच तास असं चाललं की जग जिंकलेले पायही जड होतात. म्हणून इथे नेहमी मोठं नाव जिंकत नाही. 2019 साली ओस्कार किरोस जिंकला, तो देशातल्याच संघातला. 2024 साली आलेहान्द्रो ओसोरियो. बाहेरच्या माणसाला हे धक्के वाटतात, रस्त्याकडेला उभ्या माणसाला नाही. गावच्या फडात बाहेरून नाव कमावून आलेल्या पैलवानाला गावातलाच एखादा पोरगा घाम फोडतो तेव्हा सगळा गाव दोघांसाठीही ओरडतो, तसं असतं ते.

हे मला सांगून कळलं नसतं. मला ते सेन्योराने दाखवलं, 2020 च्या फेब्रुवारीत.

त्या वर्षी शर्यत बोयाकात, तुन्हाच्या परिसरात होती. सेन्योराचा भाचा तीत भाग घेणार होता. एका लहानशा संघात होता तो, पगार असा नव्हताच, कपडे आणि प्रवासखर्च मिळायचा, सायकल स्वतःची. यादी जाहीर झाली त्या दिवशी तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि फोन पुढे केला. दीडशेच्या आसपास नावं होती. आदल्या जुलैत टूर द फ्रान्स जिंकलेला एगान बेर्नाल त्याच यादीत, आणि कितीतरी खाली तिचा भाचा. तिने बेर्नालच्या नावावर बोट ठेवलं, मग खाली सरकवत भाच्याच्या नावावर आणलं. "एकाच कागदावर आहेत, सुमेर्से," ती म्हणाली. पुढचे दहा दिवस तिने हे वाक्य बेकरीत, चर्चमध्ये, लिफ्टमध्ये, सगळ्यांना ऐकवलं.

आम्ही पहाटेच्या बसने निघालो. तुन्हा 2800 मीटरच्या आसपास आहे. आपलं कळसूबाई 1646, म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक किल्ला ठेवला तरी तुन्हा वरच. फेब्रुवारीचं ऊन तिथे अंगाला टोचतं आणि सावलीत पाऊल टाकलं की दात वाजतात. चढणीवर एका वळणाच्या आतल्या बाजूला आम्ही जागा धरली. तिथे सायकली सगळ्यात हळू होतात, तोंडं दिसतात. आजूबाजूला रुआना घातलेली माणसं होती. रुआना म्हणजे मधोमध डोकं घालायला चीर असलेली लोकरीची घोंगडी, वजनालाही घोंगडीसारखी आणि वासालाही. माझ्या आजोळी मेंढपाळांच्या अंगावर जो ओलसर लोकरीचा वास असायचा तोच, इतक्या लांब. एक आजोबा छोटा रेडिओ कानाला लावून उभे होते. शर्यत टीव्हीवर दिसत होती, फोनवर दिसत होती, पण त्यांना ती ऐकायचीच होती. मधूनमधून ते हात वर करायचे आणि सगळं वळण गप्प व्हायचं. मग ते सांगायचे: चौघं पुढे, दोन मिनिटं.

एक बाई मोठ्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यातून पेले भरून देत होती. आग्वापानेला. पानेला म्हणजे गूळ, आग्वा म्हणजे पाणी. मी पेला तोंडाला लावला आणि दोन घोट घेऊन तशीच थांबले. उन्हातून आलेल्या माणसाला आपण आधी काय देतो? गूळपाणी. फक्त इथे ते गरम होतं, त्यात लिंबू होतं आणि सोबत पांढऱ्या चीजचा तुकडा, तो पेल्यात बुडवून मऊ झाला की खायचा. जगात गूळ सर्वात जास्त आपल्याकडे होतो आणि त्याखालोखाल कोलंबियात, हे मला पुढे कळलं. तिथेही गुऱ्हाळं आहेत, मोठाल्या काहिली आहेत, चुलाणात चिपाडं जाळतात, आणि रस्त्याने जाताना तोच उकळत्या रसाचा वास येतो. सायकलपटूंच्या पिढ्यान्पिढ्या या गूळपाण्याच्या बाटल्यांवर घाट चढल्या. पाठीवरच्या खिशात बोकादियो असायचा, पेरूच्या गराची घट्ट आटवलेली वडी, बिहाओच्या पानात गुंडाळलेली. गोव्यात जिला पेराद म्हणतात तिची ही सख्खी बहीण. आज मोठे संघ जेलच्या पुड्या देतात, तरी सेन्योरा भाच्यासाठी सहा वड्या घेऊन आली होती आणि त्या त्याला सकाळीच मिळाल्या होत्या.

मग मोटारसायकली आल्या, मागोमाग गाड्या, आणि एकदम जथा.

टीव्हीवर न कळणारी गोष्ट म्हणजे आवाज. एवढी माणसं चढणीवर जातात आणि कुणी बोलत नाही. चेनचा किरकिर, गिअर पडल्याचा खट्ट, रस्त्यावर टायरची सळसळ आणि श्वास, उघड्या तोंडाने ओढलेले, विहिरीतून पाणी शेंदताना रहाटाचा होतो तसा तालात. बेर्नाल माझ्यापासून दोन हातांवरून गेला. ओठांवर मिठाची पांढरी रेघ होती आणि नजर पुढच्याच्या चाकावर. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा. आजोबांनी रेडिओ खिशात टाकला होता आणि ते त्याला त्याच्या नावाने नव्हे, 'मिखो' म्हणजे 'माझ्या लेकरा' असं ओरडत होते. जथा दहा-बारा सेकंदांत गेला. पाठोपाठ सुटलेले, मागे पडलेले येऊ लागले, दोघं, तिघं, मग एकेकटे.

भाचा दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर शेवटच्या काहींत होता. त्याची जर्सी घामाने पाठीला चिकटलेली, नंबराचा कागद एका कोपऱ्यात सुटून फडफडत होता. सेन्योरा ओरडली नाही. तिने फक्त दोन्ही हात तोंडावर धरले. ओरडले बाकीचे सगळे. जे बेर्नालसाठी ओरडले त्याहून जोरात या अनोळखी मुलासाठी ओरडले. रुआनावाला एक माणूस त्याच्या बाजूने दहा-पंधरा पावलं धावला आणि म्हणत राहिला, "थोडंच राहिलंय सुमेर्से, थोडंच राहिलंय." थोडं राहिलेलं नव्हतं. आपल्याकडे गड चढताना उतरणारी माणसं चढणाऱ्याला हेच सांगतात, आणि त्यांनाही माहीत असतं.

शर्यत इगीताने जिंकली. टूरचा विजेता हरला, आणि वळणावर कुणी हळहळलं नाही. भाच्याने शर्यत पूर्ण केली नाही. संध्याकाळी तो मावशीपुढे आला तेव्हा त्याच्या खिशात दोन बोकादियो उरले होते. ते त्याने काढून तिच्या हातावर ठेवले, आणि ती दोन वड्यांकडे बघत राहिली, जणू त्यावरून तिला समजणार होतं तो नेमका कुठल्या चढाला थांबला.

सायकल त्या देशात खेळ म्हणून आली खरी, पण रस्त्याच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून रुजली. अँडीज पर्वत कोलंबियात शिरला की त्याच्या तीन रांगा होतात आणि त्यांच्या मधल्या दऱ्यांनी प्रांत एकमेकांपासून तोडलेले आहेत. 1950 साली देशाची फेरी काढायची कल्पना निघाली तेव्हा असल्या रस्त्यांवरून सायकली जाणारच नाहीत, असं जाणते लोक म्हणत होते. सिपाकिराचा एफ्राइन फोरेरो मारिकिताहून निघाला आणि चिखल-दगडांतून लेत्रासची खिंड ओलांडून मानिसालेसला पोचला. ती चढण सुमारे 80 किलोमीटरची आहे, खालच्या उकाड्यातून 3600 मीटरच्या वरच्या धुक्यात जाणारी. पुढच्या वर्षी, 1951 मध्ये, पहिली व्हुएल्ता आ कोलंबिया झाली आणि ती फोरेरोनेच जिंकली. रेडिओवरच्या धावत्या वर्णनाने लोकांना आपल्या देशातल्या गावांची नावं पहिल्यांदा सलग ऐकवली. फुसागासुगाचा लुचो एरेरा 1984 मध्ये टूर द फ्रान्समधला आल्प द्युएजचा घाट सगळ्यांच्या पुढे चढला आणि तीन वर्षांनी स्पेनची व्हुएल्ता घेऊन आला, तेव्हा डोंगर चढणाऱ्या या बारक्या माणसांना 'एस्काराबाखो', म्हणजे भुंगेरे, हे नाव जगभर झालं होतं. कोंबिताच्या नायरो किंतानाने 2014 चा जिरो जिंकला. शाळेला तो सायकलने डोंगर उतरून जायचा आणि चढून यायचा, हे तिथलं लहान पोरही सांगतं. मला मुंबई-पुणे सायकल शर्यतीतला 'घाटाचा राजा' हा किताब लहानपणापासून शर्यतीच्या विजेत्यापेक्षा मोठा वाटत आलाय, त्यामुळे या देशाशी माझं पहिल्याच दिवशी जमलं.

मी 2021 मध्ये परत आले. 24 जानेवारी 2022 ला सेन्योराचा संदेश आला तेव्हा राष्ट्रीय शर्यतीचा मार्ग असेल या समजुतीने मी तो ऐकायला घेतला. त्यात ती नुसती रडत होती. बोगोता-तुन्हा रस्त्यावर, गाचान्सिपाजवळ, सराव करताना बेर्नाल भर वेगात एका थांबलेल्या बसवर मागून आदळला होता. मांडीचं हाड, गुडघ्याची वाटी, मणके, बरगड्या, फुप्फुसांना इजा. ज्या रस्त्याने आम्ही पहाटेची बस पकडून शर्यत बघायला गेलो होतो तोच हा रस्ता. त्या वर्षीचा फेब्रुवारी आला कसा आणि गेला कसा, मला आठवत नाही. आम्ही शर्यतीबद्दल बोललो नाही. ती रोज चर्चमध्ये मेणबत्ती लावायची आणि मला फोटो पाठवायची.

त्याच ऑगस्टमध्ये तो पुन्हा शर्यतीत उतरला, डेन्मार्कमध्ये. पण उतरणं वेगळं आणि जिंकणं वेगळं. 2023 आलं, तेव्हा एस्तेबान चावेसने जर्सी घेतली. त्याच्या दहा वर्षं आधी इटलीतल्या एका पडण्यात चावेसच्या हाताच्या नसा तुटल्या होत्या, त्यामुळे त्याच्या विजयावर सेन्योरा मनापासून खूश होती, पण प्रत्येक जानेवारीत तिचा प्रश्न एकच: "आमचा पोरगा यंदा?" 2024 लाही नाही. 2021 च्या मे महिन्यातल्या जिरोनंतर बेर्नालच्या नावावर एकही विजय नव्हता.

2025 ची शर्यत बुकारामांगाला होती, सांतांदेर प्रांतात, हजार मीटरच्याही खाली, उकाड्यात. आधी टाइम ट्रायल झाली आणि ती बेर्नालने जिंकली. साडेतीन वर्षांहून जास्त काळ थांबलेली गोष्ट अशी एका सकाळी, घरच्या माणसांसमोर झाली. मग रविवार आला. कोलंबिया आपल्या साडेदहा तास मागे आहे, तिथली सकाळ म्हणजे आपली दिवेलागण. घरात देवाला दिवा लागला होता, आई जप करत होती आणि मी कानात इअरफोन घालून स्पॅनिश वर्णन ऐकत होते. चित्र सारखं अडकायचं. शेवटी शेवटी ते पूर्ण गेलं तेव्हा मी सेन्योराला फोन लावला, तिने फोन टीव्हीपुढे धरला आणि मी फक्त आवाजावर शेवटचे किलोमीटर ऐकले, त्या वळणावरच्या आजोबांसारखे. तो जिंकला. सेन्योरा काही बोलली नाही. मागे शेजारपाजारच्यांचा गोंगाट, कुणीतरी भांडं वाजवत होतं, आणि तिचा श्वास ऐकू येत होता.

जेमतेम आठवडा गेला आणि स्पेनमधल्या शर्यतीत पडून त्याचं गळ्याचं हाड मोडलं. मला त्या बातमीने धसका बसला, तिला नाही. "जर्सी घरी आहे, हाड सांधेल," एवढंच म्हणाली. सांधलं. सप्टेंबरात स्पेनच्या व्हुएल्तामध्ये त्याने एक टप्पा जिंकला तेव्हा अंगात तेच तीन रंग होते.

सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. देशातल्या संघांवर उत्तेजकांची सावली आहे. 2019 मध्ये एक अख्खा व्यावसायिक संघ अशा चाचण्यांत अडकून बंद पडला. टूर कोलंबिया ही मोठी शर्यत, जिच्यामुळे जगातले चांगले संघ तिथे यायचे, 2020 नंतर तीन वर्षं झालीच नाही, 2024 ला झाली आणि 2025 ला पैशाअभावी रद्द झाली. भाच्यासारख्या मुलांना पगार नाही, विमा नाही, आणि सराव त्याच ट्रक-बसच्या रस्त्यांवर. याचा मला राग येतो. ज्या देशाने जगाला एवढे घाटाचे राजे दिले त्याने आपल्या पोरांना निदान एक सुरक्षित रस्ता द्यावा. आणि घरच्या रस्त्यावर आपली मोठी माणसं बघायची ही एकच खात्रीची संधी उरली असेल, तर तिची वाट लोक जिवाच्या आकांताने बघणारच.

भाच्याने शर्यती सोडल्या. तुन्हात त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. चाकांच्या तारा ताणण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही असं सेन्योरा सांगते. त्या दुकानात एक पोरगा येतो, बटाटे पिकवणाऱ्या घरातला, शाळा सुटल्यावर चेन साफ करायला बसायचा. यंदा तो तेवीस वर्षांखालच्यांच्या शर्यतीत आहे. त्याची सायकल भाच्याने स्वतः बांधली आहे, जुन्या सांगाड्यावर.

काल रात्री तिचा मेसेज आला. आईचे गुडघे, तिचा रक्तदाब, आणि मग: "यादीत नाव आलं, सुमेर्से. नंबर अजून नाही." मागून भाच्याचा आवाज येत होता, तो तिला सांगत होता की नंबर आदल्या दिवशी मिळतो. तिला ते माहीत आहे. तिने मला विचारलं, तिथे सकाळी नऊ वाजता सुटली तर तुमच्याकडे किती वाजलेले असतील. मी सांगितलं साडेसात. दरवर्षी विचारते, दरवर्षी सांगते.

कोल्हापुरी गुळाची ढेप आणून ठेवली आहे. रविवारी संध्याकाळी कुणाकडे जायचं नाही आणि कुणाला बोलवायचंही नाही, असं घरात सांगून झालंय.